आईला समुद्र दाखवायचाय, वेळास-हर्णै-मुरूड (आपलं मुरूड नाही, दापोलीचं), लातूरहून कसं करावं?

मांजराकाठ

राम राम मंडळी. विषय साधा आहे पण घरात आठ दिवसांपासून यावरूनच कालवा चालूय म्हणून इथं विचारायलोय. आमची आई ६८ वर्षांची, माळकरी. पंढरपूर आळंदी पैठण तुळजापूर सगळं झालं, एकदा गावातल्या बायकांसोबत काशी पण करून आली, पण समुद्र काय अजून बघितला नाही. परवा टीव्हीवर कोकणात कासवाची पिल्लं समुद्रात सोडायलेत ते दाखवलं, आई शेंगा फोडत बसली होती, हातातली शेंग तशीच धरून बघत राहिली अन् नंतर एवढंच म्हणली, "एवढं पाणी, अन् कुणी नंबर लावला नाही." लातूरवाल्यांना याचा अर्थ सांगायची गरज नाही. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत टँकरच्या रांगेत पहिली घागर हिचीच असायची.

तर हरभरा काढून झाला की फेब्रुवारीच्या शेवटी नाहीतर मार्चमध्ये घेऊन जायचं ठरवलंय. मी, बायको, दोन लेकरं (९ अन् ५) अन् आई. गाडी एर्टिगा, चालवणारा मी एकटाच. पुण्यात मेहुण्याकडं मुक्काम करता येतो. आईचे गुडघे दुखतात, पायऱ्या जास्त नको. ती मासे तर सोडाच कांदा-लसूण पण एकादशीच्या आसपास खात नाही, तर तिकडं जेवणाचं काय होतं? कासवं खरंच दिसतात का नुसती जाहिरात आहे? अन् अजून एक, मोबाइलवर नुसतं मुरूड टाकलं की बार्शी रोडवरचं आपलं मुरूड दाखवतंय, बायको म्हणली चला, पाऊण तासात समुद्र. एक मुरूड रायगडला जंजिऱ्याजवळ आहे अन् एक दापोलीत. मला दापोलीचं पाहिजे असं वाटतंय, चूक असलं तर सांगा.

गोदाकाठ

कशाला एवढं डिझेल जाळता भाऊ, आमच्या पैठणला या. नाथसागर भरला की पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा पण येतात, २७ दरवाजे आहेत, हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात, नाथांचं दर्शन होतं अन् संध्याकाळी घरी. पाणी गोडं आहे हा बोनस. 😄

मांजराकाठ

पैठण आईचं पाच वेळा झालंय हो. ती म्हणते ते धरण आहे, कुणीतरी बांधलंय. न बांधलेलं पाणी बघायचंय.

गोदाकाठ

यावर काय बोलणार. जा बाबा. फोटो टाक.

परभणी_टू_दापोली

हा धागा माझ्यासाठीच काढलाय असं समजून लिहायलो, लांब होईल. मी परभणीच्या कृषी विद्यापीठात बीएस्सी केली अन् एमएस्सीला दापोलीच्या कृषी विद्यापीठात दोन वर्षं होतो. दोन्ही विद्यापीठं १९७२ चीच पण पाऊस बघा, आपल्याकडं नऊशे मिलिमीटरच्या आसपास अन् दापोलीत साडेतीन हजार. पहिल्या पावसाळ्यात माझ्या बेल्टवर बुरशी आली होती अन् मी घरी फोन करून सांगितलं की इथं चामड्याला पण कोंब फुटतात.

आधी मुरूडचं. हो, तुम्हाला दापोलीचंच पाहिजे. कर्दे अन् मुरूड हे एकाला एक लागून किनारे आहेत, सपाट, रुंद, चालायला बरे. महर्षी कर्व्यांचं मुरूड ते हेच. नकाशावर टाकताना हर्णै टाका म्हणजे घोळ होणार नाही, हर्णै जगात एकच असावं.

कासवांचं नीट समजून घ्या म्हणजे निराशा होणार नाही. वेळास हे मंडणगड तालुक्यातलं छोटं गाव आहे. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूत येते, मागच्या पायानं घागरीसारखा खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वरून वाळू दाबून परत जाते ती परत बघायला येत नाही. आधी ही अंडी कोल्हे कुत्री खायची अन् माणसं पण उकरून न्यायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावाला सोबत घेऊन ते थांबवलं. आता गावातलीच पोरं पहाटे किनाऱ्यावर चालत जातात, मादीच्या पायाचा माग दिसला की अंडी हळू काढून जाळीच्या कुंपणात तसाच खड्डा करून पुरतात, वर पाटी लावतात, कुठल्या तारखेची अन् किती अंडी. साधारण ५०-५५ दिवसांनी पिल्लं वर येतात. सकाळी सात अन् संध्याकाळी सहाच्या सुमाराला खड्ड्यावरची टोपली उचलून बघतात, असतील तर सगळ्यांसमोर वाळूवर सोडतात, स्वतः चालत पाण्यात जातात. हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही, दोरीच्या मागं थांबायचं. म्हणजे टोपली उचलली अन् खाली काहीच नाही असं पण होतं. मी तीनदा गेलो, एकदा चाळीसेक होती, एकदा एक, एकदा कोरी वाळू. म्हणून निदान दोन टोपल्या, म्हणजे एक संध्याकाळ एक सकाळ, अशा हिशोबानं मुक्काम करा. अन् निघायच्या आधी ज्यांच्या घरी उतरणार त्यांनाच फोनवर विचारा की कुठला खड्डा कधी होणारे, ते खरं सांगतात, "या हप्त्यात काही नाही, पुढच्याला या" असं पण सांगतात.

जेवणाची काळजी तर अजिबात करू नका. वेळासला हॉटेल नाहीत, गावातल्या घरातच राहायचं, अन् जेवण शाकाहारीच. तांदळाची भाकरी, सोलकढी, फणसाची भाजी, कुळथाचं पिठलं, सांगितलं तर उकडीचे मोदक. फक्त बुकिंगच्या वेळी एक गोष्ट विचारा, कमोड आहे का. गुडघेवाल्या माणसाला हे कासवापेक्षा महत्त्वाचं आहे, माझ्या आईच्या वेळी मी विसरलो होतो अन् दोन दिवस बोलणी खाल्ली. गावातून किनाऱ्यापर्यंत थोडं चालावं लागतं अन् पुढं सुरूच्या बनातून वाळू लागते, काठी असू द्या.

रस्ता: पुण्याहून ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर. तिथं दर्शन करून बागमांडल्याला फेरी बोट आहे, गाडीसकट खाडी ओलांडून पलीकडं वेश्वीला उतरायचं, तिथून वेळास जवळच. नंतर केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरूड असं किनाऱ्यानं खाली या. आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती आहे, पायऱ्यांनी पण जाता येतं पण गाडी वरपर्यंत जाते तर गाडीनंच जा. आसूदचं केशवराज मंदिर सोडून द्या, पोफळीच्या बागेतून पायवाट लई सुंदर आहे पण चढ आहे. सुवर्णदुर्ग काठावरूनच बघा, बोटीतून उतरताना पाण्यात उडी मारावी लागते.

ज्यांना गाडी नको त्यांच्यासाठी, नांदेड-पनवेल गाडी परभणी लातूर पुणे करत पनवेलला जाते, तिथून कोकण रेल्वेनं खेड, खेडहून दापोली एसटीनं तासाभरात. मी दोन वर्षं असंच केलं.

हर्णैचा लिलाव लिहायचा राहिला, जेवून लिहितो.

बालाघाटचा_गडी

वरच्या भावानं सगळं सांगितलं, मी फक्त काय करू नये ते सांगतो कारण ते आपुन करून बसलोय.

गाडी वाळूत घालू नका. घालू नका म्हणजे घालूच नका, कुणी कितीबी घालू द्या. आम्ही बीडहून चार मित्र गेल्तो कर्द्याला, मित्राची नवी स्कॉर्पिओ, बारा दिवस झाल्ते घेऊन, पुढच्या नंबर प्लेटला लिंबू तसंच होतं. सकाळी आठला किनाऱ्यावर ओली वाळू एकदम डांबरासारखी टणक दिसली, एकानं रील काढायचं म्हणलं, घातली गाडी पाण्याच्या कडेनं. दोन चकरा मस्त झाल्या. तिसऱ्याला थांबवून फोटो काढले, चालू करून निघावं तर मागचं चाक फिरायलंय अन् गाडी जागेवर. जेवढी रेस दिली तेवढी खाली. आपल्याला काळ्या रानात फसलेली गाडी काढायची सवय, दगड घाला, कापसाच्या पराट्या घाला, तिथं दगडबी नाही अन् पराटीबी नाही. पायातली मॅट घातली ती चाकानं मागं फेकून दिली. तोवर पाणी आलं. अन् ते पाणी नदीला पूर आल्यासारखं आरडाओरडा करत येत नाही हो, गुपचूप येतं, आपुन खाली बघावं तर बूट ओले. दोन दिवसांवर पौर्णिमा होती हे नंतर कळलं. दहाला डोअरला लाटा लागायल्या. गावातला ट्रॅक्टर आला, त्यानं नारळाच्या झावळ्या टाकल्या, हवा कमी करायला लावली, साखळी बांधली, ओढली. पैसे किती घेतले ते मित्रानं अजून घरी सांगितलेलं नाही म्हणून इथंबी सांगत नाही. वर दंड. अन् सहा महिन्यांनी खालून सगळी गंजली ते वेगळंच.

ट्रॅक्टरवाला मामा एकच वाक्य बोलला, "तुमच्याकडच्या गाड्या जास्त फसतात." मी म्हणलं का, तर म्हणे तुमाला पाण्याची सवय नाय. खोटं कसं म्हणावं.

पोहण्याचं पण तसंच आहे. विहिरीत पोहणारा माणूस समुद्रात पोहणारा नसतो. २०१६ च्या फेब्रुवारीत रायगडच्या मुरूडला पुण्याच्या कॉलेजची १४ पोरं पोरी बुडाल्या, सहलीला आलेली. लेकरांना घोट्याएवढ्या पाण्यात, हात धरून, बस.

मांजराकाठ

दादा लिंबू तसंच होतं हे वाचून घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. गाडी लांबच ठेवीन. कमोडचं नोट केलंय, बायको म्हणली हा माणूस खरा. पण हे भरती-ओहोटीचं कळतं कसं? तिथं कुठं बोर्ड लावलेला असतो का रोजचा?

कवठेएकंद_नाही_फक्त_कवठे

फॉलो करायलो. मला पण मे मध्ये जायचंय.

परभणी_टू_दापोली

मे मध्ये आंबे मिळतील, कासवं नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असते, हर्णै झोपलेलं असतं. आता लिलाव. संध्याकाळी चारनंतर बोटी येतात. मोठ्या बोटी आत खोल पाण्यात उभ्या राहतात अन् तिथून माल काठाला आणायला बैलगाड्या पाण्यात घालतात. खरंच, बैलं छातीएवढ्या समुद्रात उभी असतात शांत. मला आधी मासे दिसलेच नाहीत, मी बैलच बघत होतो, आपल्याकडं बैल पाण्यात म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी, घासूनपुसून. नंतर वाळूवर ढीग लागतात, सुरमई पापलेट कोळंबी, लिलाव म्हणणारा काय म्हणतो ते कानाला कळत नाही अन् माल विकला गेलेला असतो. आईंना वासाचा त्रास होत असला तर वरच्या रस्त्यावरून दाखवा.

गुहागरची_लेक

नमस्कार. माझं माहेर गुहागर आणि सासर छत्रपती संभाजीनगर, त्यामुळे दोन्हीकडची बाजू घेऊन भांडायची सवय आहे. बालाघाटच्या भाऊंचं वाचून हसले पण आमच्याकडे दर सुट्टीत हे होतंच आणि फसणारे सगळे काही मराठवाड्यातले नसतात, मुंबईचेही तितकेच असतात.

मांजराकाठ दादा, भरतीसाठी बोर्ड नको, ॲपपण नको. तुमच्या आई माळकरी आहेत म्हणजे त्यांना आजची तिथी विचारल्या विचारल्या येत असेल. मग झालंच. आमच्याकडचा जुना हिशोब आहे, तिथीला पाऊणनं गुणायचं, जेवढं येईल तेवढे वाजता भरती पूर्ण. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनला भरती, पहाटेही आणि दुपारीही. अष्टमीला सहा वाजता. पक्ष कुठलाही असो, शुद्ध असो की वद्य. भरतीच्या सव्वासहा तासांनी ओहोटी. अर्धा पाऊण तास इकडेतिकडे होतो पण आमचे आजोबा याच हिशोबावर मुळे, कालवं (शिंपल्यातले जीव) काढायला जायचे आणि घड्याळ त्यांच्याकडे नव्हतंच. अमावस्या पौर्णिमेला उधाण, पाणी खूप वर येतं आणि खूप आत जातं, सप्तमी-अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे पाण्याला जोर कमी. म्हातारं माणूस आणि लहान मुलं बरोबर असतील तर भांगाच्या दिवसांत जायचं, लाँग वीकेंड बघून नाही जायचं. सगळे कॅलेंडरमध्ये लाल तारखा बघतात, तुम्ही खालची बारीक अक्षरं बघा.

हरिहरेश्वरला तर हे हवंच. देवळाच्या मागे खडकातून समुद्राच्या कडेनं प्रदक्षिणेची वाट आहे, ती फक्त ओहोटीला करता येते. उतरायला पायऱ्या आहेत, अरुंद आहेत, काकूंना जमेल का ते तिथे बघून ठरवा. पाणी चढायला लागलं की कोणी कितीही सांगितलं तरी जायचं नाही, त्या खडकांवरून माणसं गेलेली आहेत.

आणि कासवांवरून एक माहेरची बातमी सांगितल्याशिवाय राहवत नाही. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये एका मादीच्या पायाला ०३२३३ नंबरची पट्टी लावली होती. ती २०२५ च्या जानेवारीत आमच्या गुहागरला आली, अंडी घालून गेली. बंगालच्या उपसागरातून निघून अख्खा देश वळसा घालून अरबी समुद्रात! तोपर्यंत पूर्वेची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी असंच धरून चालायचे. बाबांनी मला फोन करून सांगितलं ते असं, "तू गुहागर सोडून गेलीस, ती बघ कुठून आली." 🙄

परभणी_टू_दापोली

ताई पाऊणपटीचं मला दोन वर्षात कुणी सांगितलं नाही, होस्टेलला राहायचा तोटा. वेळासच्या पण एका मादीला २०२२ च्या जानेवारीत सॅटेलाइट टॅग लावला होता, प्रथमा नाव ठेवलं होतं, नकाशावर ती कुठं फिरायलीय ते लोक बघायचे.

बालाघाटचा_गडी

दोन दिवसांवर पौर्णिमा म्हणजे त्रयोदशी, तेरा पाऊण पावणेदहा. म्हणजे आम्ही आठला गाडी घातली तेव्हा पाणी चढायलंच लागलं होतं. हा हिशोब कुणी आधी सांगितला असता तर स्कॉर्पिओ वाचली असती.

गोदाकाठ

नाथसागराला तिथी लागत नाही, फक्त नाशिकचा पाऊस लागतो. एवढं बोलून थांबतो.

मांजराकाठ

आईला पाऊणपटीचं सांगितलं. तिला दोनचा पाढा नीट येतो का नाही मला शंका होती पण पावकी-निमकी-पाऊणकी पाठ आहे हो तिची, शाळेत चौथीपर्यंत गेल्ती, घडाघडा म्हणून दाखवली. पाच पाऊणे पावणेचार, सहा पाऊणे साडेचार. आमच्या लेकरानं मोबाइलवर ताडून बघितलं, दहा-वीस मिनिटाचा फरक. आता घरात ती भरती अधिकारी आहे. दशमी-एकादशी-द्वादशी असं बुकिंग केलंय, उपासाचं पण घरमालकीणबाईंना सांगितलं, त्या म्हणल्या आमची पण असते.

मांजराकाठ

परत आलो मंडळी, काल रात्री दोनला. सांगितल्याप्रमाणं लिहायलो, फोटो लेकरू टाकील.

दशमीला पुण्याहून सहाला निघायचं होतं, निघालो साडेनऊला. आईनं आदल्या रात्रीच हिशोब सांगून ठेवला होता, दहा पाऊणे साडेसात, म्हणजे ओहोटी पावणेदोनला, दीड-दोनपर्यंत हरिहरेश्वर गाठा म्हणजे प्रदक्षिणा होईल. आम्ही काय, ताम्हिणीत थांबून वडापाव, माकडं, फोटो, नंतर माणगावात हायवेला जाम लागला तो तास-दीड तास. पोचलो तेव्हा पाच वाजले होते. दर्शन झालं, मागं पायऱ्यांपाशी गेलो तर खडकाच्या कपारीत पाणी शिरायला लागलं होतं अन् तिथल्या माणसानं हात आडवा केला. मी म्हणलं अहो लातूरहून आलोय, दहा मिनिटात जाऊन येतो, आता एवढं लांबून येऊन... तर मागून आईच बोलली, "त्याचं ऐक. मी दीड सांगितलं होतं, तुम्ही वडापाव खात बसलात, समुद्र काय तुमचा चहा होऊस्तोवर थांबणारे का?" तो माणूस आमच्या आईच्या पाया पडला, खरंच. म्हणला मावशी तुम्ही कुठल्या कोकणातल्या? लातूर म्हणल्यावर त्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

समुद्र बघून काय म्हणली ते विचारायलेत सगळे. पहिला दिसला तेव्हा काहीच नाही म्हणली. पदर तोंडावर धरून उभी होती, वाऱ्यामुळं असं नंतर सांगितलं. मी पण विचारलं नाही.

फेरी बोटीत गाडी चढवली तेव्हा ती गाडीतून उतरलीच नाही, काच वर करून विठ्ठल विठ्ठल. लेकरं वर जाऊन आली, बायको आईस्क्रीम खाऊन आली, ही सीटबेल्ट लावून बसलेली, जणू गाडीच पोहायलीय.

वेळासला रात्री पोचलो. एकादशीला पहाटे सव्वासहाला काठी घेऊन निघालो, वाळूत तिला जड गेलं, दोन जागी बसली, पण गेली. सातला टोपली उचलली. तीन पिल्लं. भावानं चाळीस लिहिलं होतं, आम्हाला तीन, पण खरं सांगू का तीनच बरी, प्रत्येक पिल्लू नीट बघता आलं. आपल्या आगपेटीएवढं असंल, काळपट, वाळूत पोट घासत निघतं, दोन पावलं टाकून थांबतं. भरती सव्वाआठची होती म्हणून पाणी जवळच होतं. दोन गेली पटापट. तिसऱ्याला लाटेनं उलटं करून परत आमच्याकडं आणून टाकलं, पाय हलवायलं हवेत. सगळी माणसं हळहळायली, आमचं पाच वर्षांचं रडायलं. संस्थेच्या पोरानं थोडा वेळ थांबून बघितलं मग सरळ केलं, परत निघालं, परत लाटेनं आणलं. तिसऱ्या लाटेला गेलं. आई आपली पूर्ण वेळ बोटावर काहीतरी मोजत होती, मला वाटलं जप करायलीय, तर म्हणली सातवी लाट मोठी येते बघ, त्या आधी गेलं पाहिजे. हे तिला कुणी सांगितलं माहीत नाही, टीव्हीवर ऐकलं असंल.

जेवणाचं एक राहिलं. उपासाला घरमालकीणबाईंनी वरीचे तांदूळ अन् दाण्याची आमटी केली, आई म्हणली ही तर भगर. दुसऱ्या दिवशी कुळथाचं पिठलं, आई म्हणली हे तर हुलगे! मग दोघींची जी मैफल बसली, तुमच्याकडं याला काय म्हणता अन् आमच्याकडं काय, आम्ही दहाला निघायचं ते साडेबारा. आईनं सोबत नेलेली शेंगदाण्याची चटणी अन् धपाटे तिथंच दिले, येताना डबा भरून कोकमं अन् दोन नारळ. कमोड होता. 🙏

हर्णैला वास तिला सहन झाला नाही, वरच्या रस्त्यावरूनच बघितलं. पण बैल दिसले. लई वेळ बघत बसली. म्हणली रात्री याचे पाय गोड्या पाण्यानं धुतात का नाही ते विचारून ये. मला जाऊन विचारावं लागलं खाली, एक जण हसून म्हणला धुतो, नाहीतर खुराला चिरा पडतात. ते सांगितल्यावर मग गाडीत बसली.

मुरूडला (दापोलीच्या) संध्याकाळी घोट्याएवढ्या पाण्यात लेकरांचा हात धरून उभी राहिली पाऊण तास, चपला हातात. गाडी रस्त्यावर, वाळूच्या एक फूट पण आत नाही, बालाघाटच्या दादांची आठवण काढून.

गुहागरची_लेक

काकूंना माझा नमस्कार सांगा. प्रदक्षिणा राहिली म्हणजे परत यायचं ठरलंच. पुढच्या वेळी गुहागर, घर आहे, कमोडही आहे.

परभणी_टू_दापोली

खुराचं मला दोन वर्षात सुचलं नाही विचारायचं.

गोदाकाठ

फोटो कुठायत?

मांजराकाठ

टाकायलाय तो, शाळेतून आल्यावर. ताई नमस्कार सांगितला, ती म्हणली गुहागरला कधी जायचं ते अष्टमी बघून ठरवू. आज सकाळी चक्कीवरून दळण घेऊन आली अन् पिशवी खाली ठेवता ठेवता म्हणली, चतुर्थी आहे, तिकडं तीनला पाणी भरंल. शेजारच्या काकूनं विचारलं, मावशी आपल्या नळाला कधी यायचंय? तर म्हणली, ते नाही बाई कुठल्या तिथीत.